मोरचूदाच्या मळ्यातली वाईन: सांगलीच्या घरात कशी जपावी, उघडावी, प्यावी

भाच्यानं बोर्डोहून दोन बाटल्या आणल्या होत्या. पहिली मी माझ्या हातानं नासवली, दुसरी नीट जमली. खाली जे लिहितोय ते त्या दोन बाटल्यांनी शिकवलेलं आहे. मी वाईनमधला जाणकार नाही. सावळजच्या बाजूला आमची सहा एकर द्राक्षबाग आहे, चार एकर बेदाण्याला जाते, दोन एकर मार्केटला. त्यामुळं द्राक्ष कळतं. वाईन कळायला वेळ लागला.

आता आपल्याकडं घरटी एखादं पोर परदेशात आहे. येताना कुणीतरी अशी बाटली आणतं आणि ती शोकेसमध्ये क्रिकेटच्या ट्रॉफीशेजारी उभी राहते. तुमच्याकडं अशी असेल तर हे वाचायच्या आधी उठा, ती तिथून काढा आणि आडवी करून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. कारण पुढं येईलच.

माझी पहिली बाटली दिवाळीत आली. हॉलमधली पश्चिमेची भिंत, त्यावर शोकेस, वर एलईडीची पट्टी. येणारा-जाणारा बघायचा, मी पण कौतुकानं सांगायचो. फळछाटणीनंतरची धावपळ, मग हार्वेस्टिंग, मग बेदाणा शेड. म्हटलं एप्रिलची खरड छाटणी उरकली की निवांत फोडू. एप्रिलच्या शेवटी बघतो तर बुचावरचं वेष्टण वर फुगलेलं आणि मानेवरून चिकट लाल ओघळ आलेला. आतली वाईन गरम होऊन फुगली आणि तिनं बूच ढकललं होतं. ग्लासात ओतली तर रंग विटकरी, वास उकळलेल्या जॅमचा, चव शेडमध्ये खाली सांडून आठवडाभर राहिलेल्या मण्यांची. भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो बघूनच म्हणाला, "मामा, गेली ती. मटणात घाला."

दुसरी बाटली त्यानं आईकडं, म्हणजे आमच्या अक्काकडं, सांगलीत विश्रामबागेला ठेवली होती. अक्काला वाईनचं काहीही माहीत नाही. तिनं ती "औषधासारखं असतंय काहीतरी, थंडीत बरं" म्हणून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कोथिंबिरीखाली आडवी टाकली होती. तिचीच टिकली.

बाटली कुठली आहे ते आधी वाचा

दोन्ही बाटल्या एकाच मळ्याच्या, एकाच सालच्या होत्या: शातो द्यूक्रू-बोकायू, २००१. केशरी-पिवळं लेबल, त्यावर वाड्याचं चित्र. फ्रेंच येत नसलं तरी लेबलवर चारच गोष्टी शोधायच्या. एक, साल. हे द्राक्ष तोडल्याचं साल असतं, बाटली भरल्याचं नव्हे. दोन, गावाचं नाव. इथं सें-ज्युलियें. हे बोर्डो शहराच्या उत्तरेला मेदोक नावाच्या पट्ट्यात, जिरोंद नदीच्या डाव्या काठावर आहे. तीन, "मी-झां बुतेय ओ शातो" असं काहीतरी लांबलचक लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, बाटली मळ्यातच भरली, व्यापाऱ्याच्या गोदामात नाही. पूर्वी पिंपं व्यापारी न्यायचे आणि तेच भरायचे. मेदोकच्या दर्जा मिळालेल्या मळ्यांना १९७२ पासून हे स्वतःच्याच आवारात करणं बंधनकारक झालं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बेदाण्याच्या बॉक्सवर शेतकऱ्याचंच नाव, मध्ये कुणाचं लेबल नाही.

चौथी गोष्ट म्हणजे "ग्राँ क्रू क्लासे", म्हणजे दर्जा मिळालेला मळा, आणि शेजारी १८५५. त्या वर्षी पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन होतं. तिसऱ्या नेपोलियनला तिथं फ्रान्सच्या चांगल्या वाईन मांडायच्या होत्या. बोर्डोच्या दलालांनी मळ्यांची पाच पायऱ्यांची यादी करून दिली. त्यांनी चव घेऊन स्पर्धा वगैरे भरवली नाही. वर्षानुवर्षं कुठल्या मळ्याच्या मालाला काय भाव मिळतोय ते बघून यादी लावली. तासगावच्या सौद्याला जो कधी गेलाय त्याला ही पद्धत समजावून सांगायला नको. द्यूक्रू-बोकायू दुसऱ्या पायरीवर आलं आणि अजून तिथंच आहे. ती यादी जवळजवळ बदललेलीच नाही. मोठा बदल एकच, १९७३ ला शातो मूतों रोथशिल्ड दुसऱ्या पायरीवरून पहिल्यावर गेलं.

गोट्यांचं रान

"बो कायू" म्हणजे सुंदर गोटे. त्या रानात नदीनं फार जुन्या काळी आणून टाकलेल्या गारगोट्या आहेत, काही मुठीएवढ्या. असं सांगतात की आधी लोक त्या रानाला "मोकायू", म्हणजे वाईट गोटे, म्हणायचे, कारण धान्य काही पिकेना. मग द्राक्ष लावलं आणि तेच गोटे सुंदर झाले. पाणी थांबत नाही, मुळं खोल जातात, दिवसाचं ऊन गोटे धरून ठेवतात. आमच्या भागात म्हातारी माणसं म्हणतात की काळ्या रानात ऊस आणि मुरमाड रानात द्राक्ष. माझ्या आज्ज्यानं वाटणीत मुरमाड तुकडा घेतला तेव्हा भावकी हसली होती.

हा मळा आधी शेजारच्या मोठ्या बेशवेल जहागिरीचा भाग होता. अठराव्या शतकात बेर्जरों नावाच्या घराण्याकडं आला. राज्यक्रांतीच्या धामधुमीनंतर १७९५ मध्ये बेर्त्रां द्यूक्रूनं तो विकत घेतला आणि गोट्यांच्या नावापुढं स्वतःचं आडनाव जोडलं. १८६६ मध्ये जॉन्स्टन कुटुंबाकडं गेला. हे बोर्डोतले मोठे वाईन व्यापारी. वाड्याच्या दोन टोकांना जे जाडजूड बुरूज दिसतात ते त्यांच्या काळातले. वाडा थेट तळघरावर बसलाय, म्हणजे माणसं वर राहतात आणि खाली पिंपं झोपलेली असतात. जॉन्स्टनांना पुढं जागतिक मंदीच्या सुमारास मळा विकावा लागला. १९४१ मध्ये तो फ्रान्सिस बोरीनं घेतला आणि बोरी घराण्याकडंच तो आजवर आहे. २००३ पासून ब्रूनो बोरी कारभार बघतात.

हे सगळं मला भाच्यानं सांगितलं आणि मी हो-हो केलं. वाडे, घराणी, कुणी कुणाला विकलं, ते ठीक आहे. मग तो म्हणाला, "मामा, तुम्ही जे बोर्डो मारता ते याच मळ्यातनं आलंय." तेव्हा मी बसलो.

आपण मारतो ते बोर्डो

द्राक्षवाल्याच्या घरात बोर्डो, म्हणजे बुरशीवर वेलींना मारायचं मोरचूद-चुन्याचं पाणी, हा शब्द आईच्या दुधाबरोबर येतो. कॉलेजात जाईपर्यंत मला ते औषध कंपनीचं नाव वाटायचं. आमचे अण्णा आदल्या रात्री किलोभर मोरचूद फडक्यात बांधून पाण्याच्या तोंडाशी लोंबकळत सोडायचे, कारण तळाला टाकलं तर ते विरघळत नाही. दुसऱ्या भांड्यात किलोभर चुना भिजवायचे. भांडी मातीची, नंतर प्लॅस्टिकची, पण लोखंड-पत्रा कधीच नाही. सकाळी दोन्ही पाणी एकदम तिसऱ्या पिंपात ओतायची, आम्ही पोरांनी काठीनं ढवळायचं. शंभर लिटर झालं की अण्णा विळ्याचं पातं त्यात बुडवून मिनिटभर धरायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी निवळी घालायची. पातं होतं तसं निघालं की "चला, भरा पंप." त्यांच्या सगळ्या बंड्यांच्या पाठी निळ्या असायच्या.

तर हे कसं सापडलं. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीनं फ्रान्सच्या बागा १८६० नंतर वाळवायला सुरुवात केली. उपाय म्हणून अमेरिकन वेली आणल्या, त्यांच्या मुळावर आपलं कलम बांधायला. आपण डॉगरिजवर बांधतो तेच, तोही अमेरिकनच खुंट. पण त्या वेलींबरोबर नवा पाहुणा आला, दावण्या, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये दिसला आणि दोन-चार वर्षांत पानगळीनं बागा उघड्या पडायला लागल्या.

ऑक्टोबर १८८२ च्या शेवटी बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सें-ज्युलियेंमधून चालले होते. सगळीकडं वेली बोडक्या. एका मळ्यात मात्र वाटेकडच्या ओळींना पानं शाबूत, आतल्या ओळी झडलेल्या. पानांवर निळसर थर. तो मळा बोकायू. तिथला व्यवस्थापक एर्नेस्त दाविद म्हणाला, वाटसरू द्राक्षं तोडतात म्हणून आम्ही कडेच्या ओळींवर मोरचूद-चुना शिंपडतो, विषारी दिसलं की कुणी हात लावत नाही. म्हणजे औषध म्हणून नव्हे, चोर राखायला!

मिलार्देंनी ते धरून ठेवलं. रसायनशास्त्राचे गायों आणि हेच दाविद यांना घेऊन जॉन्स्टनांच्याच दुसऱ्या मळ्यावर, शातो दोझाकला, प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती छापली: ८ किलो मोरचूद १०० लिटर पाण्यात, १५ किलो चुना ३० लिटर पाण्यात. ती लापशी झाली, पंपातून जाईल असं काही नव्हतं. कामगार एका हातात भांडं आणि दुसऱ्या हातात छोटी केरसुणी घेऊन पानांवर शिंपडत जायचे. आपलं एक टक्क्याचं बोर्डो त्यापुढं ताक आहे.

हे मी अण्णांना सांगितलं. ते अठ्ठ्याहत्तरचे, माळकरी, कॉटवर बसून पेपर वाचत होते. चष्मा काढून म्हणाले, "आन् आम्ही जुन्या साड्या बांधत बसलो वाटंच्या वळीला. चोर तिथंबी हायतच की." मग थोड्या वेळानं, "वाटंची वळ कुणाची वाचली म्हण. गड्याची का मालकाची?" मला काही उत्तर सुचलं नाही.

जपायची कशी

वाईनला चार गोष्टी सोसत नाहीत: ऊन, उजेड, हेलकावे आणि वर-खाली होणारं तापमान. आपल्याकडं पहिली आणि चौथी भारी पडते. तिला आवडतं ते १२ ते १४ अंश. सांगलीचा मे चाळिशीला जातो. आमचं जुनं घर पांढऱ्या मातीचं, दोन फुटी भिंतींचं आहे. मी बेदाणा शेडमधला थर्मामीटर काढून मधल्या खोलीत बळदाशेजारी लावला. बाहेर ४० असताना आत २९. माणसाला गारवा वाटतो, वाईनला तो उन्हाळाच. तेव्हा "आमच्या वाड्यात गार असतं" यावर जाऊ नका.

वर्षभराच्या आत उघडणार असाल तर फ्रीजचा भाजीचा कप्पा पुरे. वरच्या कप्प्यापेक्षा तो जरा कमी गार असतो. बाटली जुन्या सुती पंच्यात गुंडाळा, म्हणजे उजेड आणि धक्का दोन्ही गेलं. आडवी ठेवा, बूच ओलं राहिलं पाहिजे. वाळलं की हवा आत जाते. फोडलेला कांदा, उघडं लोणचं, सुकट त्या कप्प्यात नको. पाच-दहा वर्षं राखायची असेल तर वाईनचा वेगळा छोटा फ्रीज लागतो आणि दिवसाला दोनदा जाणारी लाईट बघता इन्व्हर्टरही.

मित्र म्हणाला, तासगावात एवढी कोल्ड स्टोरेजं आहेत, टाक बेदाण्याबरोबर. टाकू नका. गंधकाच्या धुरीचा माल, दिवसभर बॉक्सची आदळआपट, आणि हमालाला त्या बाटलीचं काय पडलंय.

आणायची पद्धतही सांगून ठेवतो. परदेशातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलिच्या दोन बाटल्या आरामात. मुंबई-पुण्याहून गाडीनं येताना डिक्कीत ठेवू नका, पायाशी ठेवा. ट्रॅव्हल्सच्या पोटात तर नाहीच. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे हलवू नका. जुन्या वाईनमध्ये गाळ असतो, प्रवासात तो सगळा उठतो.

उघडायच्या आधी एकदा उजेडात वाईनची पातळी बघा. मानेत किंवा मानेच्या बुडाशी असली तर उत्तम. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर बुचातून गळती आहे, फार आशा ठेवू नका.

उघडायचा दिवस

आदल्या दिवशी सकाळी बाटली उभी करा, फ्रीजमध्येच. चोवीस तासांत गाळ तळाला बसतो. २००१ च्या बाटलीत तो असणारच. रंग आणि टॅनिन, म्हणजे सालीतला तुरटपणा, एकमेकांना धरून खाली बसतात. तो विषारी नाही, पण दातांत कॉफीच्या भुकटीसारखा लागतो.

पिताना १६ ते १८ अंश हवेत. पुस्तकांत "खोलीच्या तापमानाला" लिहिलेलं असतं, ती खोली त्यांची, आपली नाही. डिसेंबरात फ्रीजमधून काढून तासभर ठेवा. मार्च-एप्रिलात वीस-पंचवीस मिनिटं भरपूर झाली. शंका आली तर गारच बरी, ग्लासात ती आपोआप उबते. कोमट झाली की नुसती दारू वर येते.

वेष्टण बाटलीच्या ओठाखाली कापा. तोंड ओल्या फडक्यानं पुसा. स्क्रू बुचाच्या बरोबर मधोमध उभा लावा आणि सरळ फिरवत जा, पण आरपार नको, नाहीतर बुचाचा चुरा आत पडतो. मग सावकाश वर. वीस-पंचवीस वर्षांचं बूच ओल्या भाकरीसारखं असतं. माझं अर्धं वर आलं, अर्धं आत राहिलं. घाबरायचं काही नाही. उरलेलं स्क्रूच्या टोकानं तिरकं धरून काढा, नाहीच निघालं तर आत ढकला आणि मलमलीतून गाळा. फक्त ती मलमल साबणाच्या वासाची नको, साध्या गरम पाण्यात दोनदा उकळून घ्या. आमच्या हिनं चक्क्याचं फडकं आणून दिलं होतं, ते मी परत दिलं.

बूच नाकाला लावून फार काही कळत नाही, ग्लासातला वास घ्या. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बंद गोदामातल्या ओल्या बारदानाचा वास आला आणि फळाचा काहीच आला नाही, तर ती बुचानं लागलेली बाटली. तुमचा दोष नाही, कुणाचाच नसतो. १९८० च्या दशकाच्या शेवटाला याच मळ्याच्या जुन्या तळघरात तसा वास शिरला होता आणि बोरींना तळघर नव्यानं बांधावं लागलं. म्हणून त्या तीन-चार सालांची बाटली कुणी स्वस्तात देत असेल तर हात आखडता घ्या.

आता ओतायची. काचेचा जग घ्या, नुसत्या पाण्यानं धुतलेला. तांब्या-पितळेत ओतू नका. वाईन आंबट असते आणि आंबट तांब्यात काय करतं ते घरच्या बायकांना विचारा. बाटलीच्या मानेमागं मोबाईलची बॅटरी लावून कुणालातरी उभं करा. एका दमात, न थांबता, बारीक धारेनं ओता. मधेच बाटली सरळ केली की गाळ उसळतो. बोर्डोच्या बाटलीला जो चौकोनी खांदा असतो तो इथं कामाला येतो, गाळ वाहत येतो आणि खांद्यात अडतो. मानेत काळा धूर सरकताना दिसला की थांबा. तळाला दोन-तीन घोट राहतील, राहू द्या. माझी पोरगी बॅटरी धरून होती. ती "बाबा, आला आला!" ओरडली आणि माझा हात हलला, थोडा गाळ गेलाच.

एवढ्या जुन्या वाईनला त्या काचेच्या जगमध्ये अर्धा ते पाऊण तास पुरे. तरुण, पाच-सात वर्षांची असेल तर दोन-तीन तास द्या. जुनीला जास्त हवा दिली की जो काही सुगंध उरलाय तो उडून जातो.

ग्लास पोटाला मोठा, तोंडाला जरा मिटलेला. तिसरा हिस्साच भरा, वरची मोकळी जागा वासासाठी असते. स्टीलचा पेला घेतलात तर वासाचं काही कळणार नाही. बर्फ आणि सोडा कपाटात ठेवा. पाहुण्यांत एक तरी मागणार, त्याला दुसरं काहीतरी द्या.

चव

ही वाईन बहुतांश कॅबर्ने सोव्हिन्यों आणि थोड्या मर्लो या जातींच्या द्राक्षांची. बारीक मणी, जाड साल, आत बिया. आपल्या सोनाकासारखं लांब, पातळ सालीचं, बिनबियांचं काही नाही. खायला दिलं तर आपलं पोर थुंकून टाकेल. आम्ही ९ बाय ५ वर लावतो, एकरात साडेनऊशेच्या आसपास वेली. मेदोकमध्ये हेक्टरी दहा हजारापर्यंत, म्हणजे एकरी चार हजार. आमच्या एका वेलीला दहा-बारा किलो माल धरला तर आम्ही बरं वर्ष म्हणतो. तिथं एका वेलीमागं एक बाटलीसुद्धा पडत नाही. वाईन झाली की ती दीडेक वर्ष ओकच्या पिंपात राहते.

पहिला घोट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. मलाही नाही आवडला. गोड नाही, फेस नाही, जीभ खरखरीत होते. जांभूळ खाल्ल्यावर होते तशी, पण जांभळापेक्षा बारीक. ती टॅनिनची तुरटी. घोट तोंडात फिरवा, गिळा आणि वीस आकडे मोजा. नंतर जे येतं ते बघा. वासाला जाणकार काळं करंट म्हणतात, आपण ते फळ बघितलेलं नाही. मला जांभूळ आणि करवंदाचा मुरंबा आठवला. नंतर शाळेत पेन्सिल टोकरायचो तो लाकडाचा वास. आणि अगदी शेवटी, जगमध्ये अर्धा तास झाल्यावर, निपाणीच्या वखारीवरून मोटारसायकलनं जाताना येतो तो कोरड्या तंबाखूचा. तुम्हाला दुसरं काही येईल. वहीत लिहा, दुसऱ्याचं ऐकून होकार देऊ नका.

अण्णा पिणार नव्हते, मी आग्रहही केला नाही. त्यांनी ग्लास फक्त उजेडात धरला, हलवला, काठावरनं उतरणारा थेंब बघितला. "साखर चांगली धरल्याली असणार," म्हणाले. शेतकऱ्याचं निदान बरोबर होतं, साखर भरल्याशिवाय दारूचा अंश येत नाही.

बरोबर काय

तांबडा रस्सा नको. मला माहीत आहे हे लिहिणं आमच्या भागात गुन्हा आहे. पण तिखटानं टॅनिन आणि दारू दोन्ही जाळ करतात, आणि हजारो किलोमीटरवरून आलेली वाईन घाटी मसाल्याखाली गप्प बसते. भडंगही नको, लसूण-मिरची. बेदाणा ठेवायचा मोह मला झाला, घरचाच माल, हिरवागार. ठेवला. गोडापुढं वाईन आंबटढाण लागली. काढून घेतला.

जमलं ते अळणी. आपण पोरांसाठी आधी काढून ठेवतो ते, हळद-मीठ-आलं-लसणात शिजवलेलं मटण. त्यातले चापीचे आणि मांडीचे तुकडे निथळून लोखंडी तव्यावर तुपात परतले, वर फक्त मिरपूड आणि जाडं मीठ. मेदोकची माणसंही कोकराच्या मांसाबरोबरच ही वाईन पितात असं भाचा म्हणाला. मटणातली चरबी आणि मीठ त्या तुरटीला गुळगुळीत करतं. अळणी पाणी वेगळ्या वाटीत, शेवटी. शाकाहारी मंडळींसाठी निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, तेल-मीठ लावून, मिरची न घालता, किंवा लोण्यात परतलेल्या अळिंब्या. ज्वारीची भाकरी चालते. ठेचा त्या दिवशी झाकून ठेवा.

आम्ही चौघं होतो, एक बाटली पुरली. उरली तर बूच लावून उभी फ्रीजमध्ये, जुनी असेल तर दुसऱ्या दिवशी संपवा. त्यापलीकडं नको.

तळाचा गाळ मी पोरीला घेऊन वाटेकडच्या ओळीच्या पहिल्या वेलीच्या बुंध्याला ओतला. काही उपयोग नाही, माहीत आहे. रिकामी बाटली हिनं धुऊन, उन्हात पालथी घालून, घाण्याचं शेंगतेल भरायला घेतली. घाण्याच्या तेलाला खाली साका बसतोच. परवा फोडणीला तेल घालताना म्हणाली, ही बरी आहे, साका खांद्यातच अडतोय.